पाकाची मळी आणि बीजगणितांतील मूलक

श्रोतेहो, फळा आणि खडू यांच्याशिवाय गणितावर बोलावयाचें, ही ध्वनिक्षेपकापुढें बसणाऱ्यास मोठीच अडचण असते. गणितांतील चिन्हें कानांनीं ऐकावयाचीं नसतात, डोळ्यांनीं पाहावयाचीं असतात. म्हणून आज चिन्हांचा आधार होईल तितका कमी घेऊन, स्वयंपाकघरांतील एका परिचित कृतीपासून आरंभ करितों.

सणासुदीला साखरेचा पाक करितांना त्यांत चमचाभर दूध घालण्याची चाल आहे. साखरेंतील मळ दुधाबरोबर वर येतो. मळीचा तो थर झाऱ्यानें काढून टाकला कीं खालीं स्वच्छ पाक उरतो. खात्री करून घ्यावयाची असेल, तर पुन्हां थोडें दूध घालून पाहावें. आतां वर आलेला थर पांढराशुभ्र दिसला, म्हणजे पाक साफ झाला. या साध्या कृतींत दोन गोष्टी आहेत. काय काढावयाचें हें ठरलेलें असतें, ही पहिली. आणि एकदां काढल्यावर त्याच रीतीनें पुन्हां काढण्याजोगें कांहीं उरत नाहीं, ही दुसरी. आधुनिक बीजगणितांत ‘मूलक’ नांवाची जी कल्पना गेल्या शंभराहून अधिक वर्षांत वाढीस लागली, तिचें सार या दोन वाक्यांत आहे. मात्र तिसरा एक प्रश्न आहे, आणि आजच्या भाषणाचा खरा विषय तोच. पाक एकाच पातेल्यांत नसून निरनिराळ्या खणांत ठेवलेला असेल, तर प्रत्येक खण वेगळा साफ केल्यानें सगळा पाक साफ झाला असें म्हणतां येईल काय? पाकाच्या बाबतींत उत्तर सोपें आहे. बीजगणितांत तें तसें नाहीं.

प्रथम मळी कशास म्हणावयाची तें पाहूं. आपल्या भिंतीवरील घड्याळाकडे दृष्टि टाका. सात वाजून गेल्यावर आठ तासांनीं तीन वाजतात, म्हणजे घड्याळाच्या हिशेबांत सात आणि आठ मिळून तीन होतात. बारा पुरे झाले कीं ते सोडून द्यावयाचे. बारा म्हणजेच शून्य. याच नियमानें गुणाकारहि करतां येतो. पांच पंचे पंचवीस. त्यांतून बारांच्या दोन फेऱ्या वजा केल्या कीं उरतो एक. अशा रीतीनें जेथें बेरीज, वजाबाकी व गुणाकार हीं तिन्हीं निर्वेधपणें चालतात, त्या संख्यांच्या अथवा संख्यांसारख्या घटकांच्या समुदायास गणिती ‘वलय’ म्हणतात. भागाकार मात्र वलयांत चालेलच असें नाहीं.

आतां या घड्याळावर सहास सहानें गुणा. छत्तीस होतात, म्हणजे बारांच्या तीन पूर्ण फेऱ्या. हातीं उरतें शून्य! सहा स्वतः शून्य नाहीं. पण त्याचा वर्ग शून्य आहे. जो घटक स्वतःशींच पुन्हां पुन्हां गुणिला असतां केव्हां ना केव्हां शून्यास जाऊन मिळतो, त्यास आपण शून्यगामी म्हणूं. बारा तासांच्या घड्याळांत शून्याशिवाय सहा हा एकच शून्यगामी आहे. हीच त्या वलयाची मळी. ती काढून टाकावयाची, म्हणजे सहास शून्य लेखावयाचें. तसें केलें कीं घड्याळ बाराचें न राहतां सहा तासांचें होतें. आणि सहा तासांच्या घड्याळांत शून्याखेरीज एकहि शून्यगामी सांपडत नाहीं. दुसऱ्यांदा घातलेल्या दुधावर मळ आला नाहीं! याउलट आठ तासांच्या घड्याळांत दोन, चार आणि सहा हे तिन्ही शून्यगामी आहेत. ते काढल्यावर उरतें तें केवळ दोन तासांचें घड्याळ, म्हणजे सम आणि विषम एवढाच भेद.

या काढून टाकावयाच्या भागास इंग्रजींत रॅडिकल म्हणतात. लॅटिन भाषेंतील ‘राडिक्स’ म्हणजे झाडाचें मूळ. त्याच शब्दावरून हें नांव आलें. आपल्याकडेहि वर्गमूळ, घनमूळ हे शब्द त्याच उपमेवर उभे आहेत; म्हणून मराठींत रॅडिकलास मूलक म्हणावें हें सयुक्तिक आहे. गंमत अशी कीं, संस्कृतांत मूलक म्हणजे आपला मुळा, आणि इंग्रजींतील मुळ्याचें रॅडिश हें नांवहि त्याच राडिक्सपासून निघालेलें आहे. बारा या संख्येचें पृथक्करण केलें तर त्यांत दोन आणि तीन हीं दोनच मूळ द्रव्यें आढळतात. दोन मात्र दोनदां आलेला आहे. सहा म्हणजे दोन गुणिलें तीन. प्रत्येक मूळ द्रव्य एकेकदां घेतलेलें. मूलकांत जें सांपडतें तें अशा मुळाच्या नात्याचें असतें.

कोणी विचारील कीं, ही मळी काढण्याचा खटाटोप कशासाठीं? त्याचें उत्तर जोसेफ वेडरबर्न या स्कॉटिश गणित्यानें १९०८ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत दिलें. मर्यादित परिमाणांच्या बीजगणितांतून मूलक बाजूस काढलें, तर उरलेला भाग गुंतागुंतीचा राहत नाहीं. ओळखींच्या, सुबक अशा कांहीं ठोकळ्यांची तो नुसती मांडणी असतो, असें त्यानें सिद्ध केलें. एमिल आर्टिननें १९२७ सालीं हाच सिद्धांत अधिक व्यापक वलयांस लागू केला. तेव्हांपासून कोणतेंहि नवें वलय समोर आलें कीं, याची मळी कोणती आणि ती काढल्यावर काय दिसतें, असे दोन प्रश्न विचारण्याचा प्रघात पडला.

येथवर सर्व सुरळीत वाटतें. परंतु गुणाकाराचा क्रम महत्त्वाचा झाला कीं अडचणी सुरू होतात. दोन ठिकाणें डोळ्यांपुढें आणा : घर आणि कचेरी. त्यांच्यामधील प्रवास चार प्रकारचे : घरून कचेरीस, कचेरीहून घरीं, घरच्या घरीं, आणि कचेरींतल्या कचेरींत. एका प्रवासामागून दुसरा करणें हा त्यांचा गुणाकार समजूं. पहिला जेथें संपतो तेथूनच दुसरा निघत असेल तर गुणाकार होतो. नाहीं तर शून्य. घरून कचेरीस गेलेला मनुष्य लगेच पुन्हां घरून कचेरीस निघूं शकत नाहीं. म्हणून त्या प्रवासाचा वर्ग शून्य. कचेरीहून घरीं येण्याचीहि तीच स्थिति. दोन्ही घटक शून्यगामी ठरले. पण त्या दोहोंची बेरीज करून तिचा वर्ग करा. कचेरीस जाऊन परत घरीं येणें, आणि घरीं येऊन परत कचेरीस जाणें, अशा दोन फेऱ्या मिळतात. त्या मिळून होतें ‘जो जेथें होता तो तेथेंच’, म्हणजे गुणाकारांतील एक! एकाचा कोणताहि घात एकच असतो. तो शून्य कधींच होणार नाहीं. तेव्हां दोन मळकट कण एकत्र येतांच स्वच्छ साखर झाली, असा हा विलक्षण प्रकार आहे.

यावरून धडा असा मिळाला कीं, सुटे शून्यगामी घटक वेंचून चालत नाहीं. काढावयाचा तो भाग भक्कम पाहिजे. त्यांतील दोहोंची बेरीज त्यांतच राहावी, आणि त्यांतील घटकास बाहेरच्या कोणत्याहि घटकानें, डावीकडून वा उजवीकडून, गुणिलें तरी गुणाकार त्यांतच येऊन पडावा. अशा भागास डेडेकिंड या जर्मन गणित्यानें १८७१ सालीं ‘आयडियल’ म्हणजे आदर्श हें नांव दिलें. ज्या आदर्शांतील प्रत्येक घटक शून्यगामी आहे, तेवढेच आपण मळी म्हणून काढावे. असे दोन आदर्श एकत्र केले तरी त्यांतील सारे घटक शून्यगामीच राहतात, हें सिद्ध करतां येतें. त्यामुळें सर्वांत मोठा असा एक आदर्श मिळतो. परंतु जो भाग केवळ डावीकडूनच्या गुणाकारास टिकतो, अशा एकांगी आदर्शांचें काय? असे दोन शून्यगामी डावे आदर्श एकत्र केले तर बेरीज शून्यगामीच राहील काय? हा प्रश्न गॉटफ्रीड क्योटे या ऑस्ट्रियन गणित्याच्या १९३० सालच्या निबंधांतून निघाला. तो लक्षांत ठेवा. शेवटीं त्याकडे परत यावयाचें आहे.

क्योटे हे ग्योटिंगेन येथें एमी नोएथर या थोर विदुषीच्या सहवासांत वावरलेले होते. याकोब लेविट्स्की हे तर त्यांचे शिष्यच. वलयांच्या अभ्यासास आजचें रूप देण्याचें श्रेय नोएथरबाईंइतकें दुसऱ्या कोणास क्वचितच जाईल. १९३३ सालीं जर्मनींत नाझी राजवट आली आणि ज्यू म्हणून त्यांना विद्यापीठांतून दूर करण्यांत आलें. १९३५ सालीं अमेरिकेंत त्यांचा अंत झाला. मूलकांवर मोलाचें काम करणारे राइनहोल्ड बेअर यांनाहि १९३३ सालींच हाले येथील जागा गमवावी लागली. गणितांत एखादी वस्तु टाकाऊ ठरविण्यापूर्वीं तसें सिद्ध करावें लागतें. त्या राजवटीस तशी गरज वाटली नाहीं.

विद्या मात्र खुंटली नाहीं. वॉर्सा येथें जन्मून अमेरिकेंत वाढलेल्या नेथन जेकबसन यांनीं १९४५ सालीं मळीची एक नवीच कसोटी सांगितली. घटक शून्यास मिळतो कीं नाहीं हें पाहूं नका; त्याची कोणतीहि पट एकांत मिळविली असतां एकाचा भाजकपणा बिघडतो कीं नाहीं एवढेंच पाहा. एकानें भागतां येतें. आतां एकांत हा कचरा मिसळूनहि मिश्रणानें भागतां येत असेल, आणि तो कितीहि पटींनीं मिसळला तरी हेंच होत असेल, तर तो घटक मूलकांत घालावा. आपल्या घड्याळांत एक आणि सहा मिळून सात होतात. सात सत्ते एकूणपन्नास, म्हणजे बारांच्या चार फेऱ्या काढून एक. तेव्हां सातानें भागतां येतें आणि सहा या कसोटीसहि उतरतो.

परंतु दोन कसोट्या सर्वत्र एकच उत्तर देत नाहींत. ज्या अपूर्णांकांचे छेद विषम आहेत, तेवढ्यांचेंच एक वलय घ्या. त्यांत दोन-तृतीयांश आहे, चार-पंचमांश आहे. पण एक-द्वितीयांश नाहीं. येथें शून्यगामी असा शून्याखेरीज कोणीच नाहीं. जेकबसन यांच्या कसोटीनें मात्र ज्यांचा अंश सम आहे असे सारे अपूर्णांक मूलकांत जातात. कारण एकांत दोन-तृतीयांश मिळवा, पांच-तृतीयांश होतात, आणि त्याचा व्यस्त तीन-पंचमांश त्याच वलयांत हजर आहे. एका चाळणीनें कांहींच काढलें नाहीं, दुसरीनें निम्मा संसार बाहेर काढला! तेव्हां मूलक एक नाहीं, अनेक आहेत. चाळणी बदलली कीं चाळ बदलते. सगळ्या चाळण्यांना समान असे नियम कोणते, हें १९५० नंतरच्या कांहीं वर्षांत रशियांतील कुरोश व जेरुसलेम येथील अमित्सुर यांनीं परस्परांहून स्वतंत्रपणें मांडलें. अमित्सुर हे लेविट्स्कींचे शिष्य. मूलक स्वतः त्या चाळणीनें पूर्णपणें मळीच ठरलें पाहिजे, आणि तें काढल्यावर उरलेल्या वलयांत त्या चाळणीस कांहींच सांपडतां कामा नये. असा, आपल्या पाकाच्याच रीतीचा, त्या नियमांचा गाभा आहे.

आतां खणांकडे वळूं. गवंडी लांबी हातांनीं मोजतो, क्षेत्रफळ चौरस हातांनीं आणि भिंतीचें बांधकाम घन हातांनीं. हातास हातानें गुणिलें तर चौरस हात होतात. चौरस हातास हातानें गुणिलें तर घन हात. गुणाकार एका खणांतून दुसऱ्या खणांत नेतो. बेरीज मात्र ज्या त्या खणांतच शोभते. ज्या वलयाचे घटक अशा खणांत वांटलेले असतात, आणि दोन खणांचा गुणाकार कोणत्या खणांत पडावयाचा हें ठरलेलें असतें, त्यास श्रेणीबद्ध वलय म्हणतात. एकाच खणांतील घटक तो एकजिनसी. निरनिराळ्या खणांतील घटकांची बेरीज ती मिश्र. शाळेंत शिकलेली बहुपदी हें याचें परिचित उदाहरण : स्थिरांकाचें पद, ‘क्ष’चें पद, ‘क्ष’च्या वर्गाचें पद, असे तिचे खण असतात.

यावरून आपला तिसरा प्रश्न नेमका होतो. एखादा मिश्र घटक मूलकांत आढळला, तर त्याचे निरनिराळ्या खणांतील तुकडेहि मूलकांत असतातच काय? असतील, तर प्रत्येक खण वेगळा तपासून भागेल, आणि काम शतपट सोपें होईल. नसतील, तर खणाखणाचा तपास आपणांस फसवील.

तो फसवितो, याचें उदाहरण अगदीं लहान आहे. दोनच खण घ्या, सम आणि विषम. सम खणांत शून्य व एक; विषम खणांत शून्य व ‘ग’ नांवाचा घटक. ‘ग’ला ‘ग’नें गुणिलें कीं एक होतो. बेरजेचा नियम विजेच्या खटक्याचा : दोनदां दाबला कीं पुन्हां पहिली स्थिति, म्हणजे एक आणि एक शून्य, ‘ग’ आणि ‘ग’ शून्य. सगळ्या वलयांत चारच घटक आहेत : शून्य, एक, ‘ग’, आणि एक अधिक ‘ग’. या शेवटच्याचा वर्ग करा. एक, ‘ग’, ‘ग’ आणि पुन्हां एक, अशा चार गोष्टींची बेरीज येते. जोडीजोडीनें ती शून्य होते. तेव्हां एक अधिक ‘ग’ ही शुद्ध मळी ठरली. पण तिचे तुकडे पाहा. एकाचा वर्ग एक, ‘ग’चा वर्गहि एक, दोघेहि निष्कलंक. सम खण तपासला, स्वच्छ; विषम खण तपासला, स्वच्छ; आणि तरीहि एकूण पाकांत मळ आहे! तो कोणत्याहि एका खणांत नाहीं. खणांच्या मिश्रणांत लपलेला आहे.

हें असें कां व्हावें? याचें कारण समजलें म्हणजे या शास्त्राची किल्लीच हातीं आली. समजा, मूलकांत एक मिश्र घटक आहे : सम तुकडा अधिक विषम तुकडा. विषम खणांतील सर्वांचीं चिन्हें उलटीं करून टाकली, तर वलयाच्या रचनेंत कांहींच फरक पडत नाहीं. तें जणू आरशांत पाहिल्यासारखें होतें. मूळचें मूलक आरशांतहि मूलकच राहतें. म्हणून सम वजा विषम हाहि घटक मूलकांत असला पाहिजे. दोहोंची बेरीज करा. समाची दुप्पट मिळते. वजाबाकी करा, विषमाची दुप्पट मिळते. आतां दोहोंनीं भागतां आलें कीं काम झालें. दोन्ही तुकडे सुटे होऊन मूलकांत आले. पण खटक्याच्या नियमांत दुप्पट म्हणजे शून्य! तेथें भागाकार होऊंच शकत नाहीं, आणि तुकडे एकमेकांस चिकटून राहतात. याच वलयांत दोनांऐवजीं तीनदां केल्यावर शून्य येण्याचा नियम घाला. मग दोहोंनीं भागतां येतें, आणि लपलेली मळी नाहींशी होते. मिरियम कोहेन आणि सुसान मॉन्टगोमेरी या दोन विदुषींनीं १९८४ सालीं दाखविलें कीं, श्रेणींचा गट मर्यादित असेल आणि त्यांतील श्रेणींच्या संख्येनें वलयांत भागतां येत असेल, तर जेकबसन यांचें मूलक खणाखणानें शोधा अथवा एकदम शोधा, तें एकच येतें.

बहुपदींप्रमाणें खणांचे क्रमांक पूर्णांक असले तर ही अटहि लागत नाहीं, हें जॉर्ज बर्गमन यांनीं १९७५ च्या सुमारास सिद्ध केलें. त्यांतील युक्ति अंकगणिताच्या पहिल्या पुस्तकांतील आहे. पूर्णांकांचे खण मोकळे असल्यामुळें एका आरशावर अडून राहावें लागत नाहीं; हवे तितके आरसे घेतां येतात. सात आरसे वापरले तर एखाद्या तुकड्याची सातपट मूलकांत सांपडते. अकरा वापरले तर त्याच तुकड्याची अकरापट. आतां अकरापटीची दुप्पट बावीस, सातपटीची तिप्पट एकवीस. बावीसांतून एकवीस गेले, एक उरला. तो तुकडा भागाकार न करितांच मूलकांत आला!

याहून पुढचें पाऊल ओडेसा येथें जन्मलेल्या आणि पॅरिसमध्यें काम केलेल्या मार्क क्रासनर यांनीं टाकलें. त्यांचें म्हणणें असें कीं, हात आणि चौरस हात यांची बेरीज जर निरर्थक आहे, तर ती करावयाचीच कशाला? मिश्र घटक वगळा. केवळ एकजिनसी घटक ठेवा. बेरीज ज्यांची होते त्यांचीच करा. १९४४ सालीं त्यांनीं अशा अपुऱ्या बेरजेच्या रचना मांडल्या. पुढें सारायेव्हो येथील मिर्याना वुकोविच यांच्यासह त्यांनीं ती कल्पना आणखी सैल व व्यापक केली. येथें श्रेणी म्हणजे संख्याच असली पाहिजे, असें बंधन नाहीं. आपलें घर-कचेरीचें उदाहरण घ्या. चार प्रवास हे चार खण. कांहीं खणांचा गुणाकार होतो, कांहींचा होतच नाहीं. अशा रचनांत मूलकाची व्याख्या एकजिनसी घटकांवरूनच करावी लागते, आणि जुने सिद्धांत कोणते टिकतात, कोणते कोलमडतात, हें एकेक करून पाहावें लागतें.

नियम सैल केले म्हणून गोंधळ वाढतोच, असें नाहीं. घर-कचेरीच्या वलयांत तुकडे सुटे करण्यास आरसा लागत नाहीं, भागाकारहि लागत नाहीं. मिश्र घटकाच्या अलीकडे ‘घरच्या घरीं’ आणि पलीकडे ‘कचेरींतल्या कचेरींत’ हे दोन मुक्काम जोडले, कीं घरून कचेरीस जाणारा तुकडा तेवढा उरतो. बाकीचे गळून पडतात. येथें गुणाकारांतील एक हाच दोन ठिकाणांचे मुक्काम मिळून बनलेला आहे. जणू प्रत्येक खणास स्वतःचें दार आहे. सम-विषमाच्या वलयांत एक हा सबंध सम खणांत बसलेला होता. विषमास स्वतःचें दार नव्हतें. खणाखणानें तपासणी करावी कीं नाहीं, हें खणांच्या संख्येवर नव्हे, तर त्यांच्या दारांवर आणि भागाकाराच्या सोयीवर अवलंबून असतें.

आतां, वचन दिल्याप्रमाणें, क्योटे यांच्या प्रश्नाकडे येतों. एक असें वलय घ्या, कीं ज्यांतील प्रत्येक घटक शून्यगामी आहे, निखळ मळी. या मळीनें आपले घर-कचेरीचे चारी खण भरा. आतां या चार खणांचा मिळून कोणताहि मिश्र घटक उचलला, तर तो शून्यगामीच निघेल काय? पोलंडमधील यान क्रेम्पा यांनीं १९७२ सालीं दाखविलें कीं, क्योटे यांचा प्रश्न आणि हा चार खणांचा प्रश्न एकच आहे. घटक ज्यांतून उचलावयाचे, तो गुणकांचा साठा मोजतां न येण्याइतका मोठा असेल, उदाहरणार्थ सर्व वास्तव संख्यांएवढा, तर उत्तर होकारार्थी आहे, हें अमित्सुर यांनीं १९५६ सालींच सिद्ध केलें होतें. निखळ मळीचेच गुणक घेऊन केलेल्या बहुपदीहि शून्यगामीच निघतील, असा त्या काळीं तज्ज्ञांचा कयास होता. तो आगाता स्मोक्तुनोविच या पोलिश विदुषीनें २००० सालीं खोटा ठरविला. त्याच बाईंनीं २०१४ सालीं, पूर्णांक-श्रेणींच्या वलयांत शून्यगामी मूलकाचेहि तुकडे सुटे होतात, हें सिद्ध करून बर्गमन यांच्या सिद्धांतास जोड दिली. पण क्योटे यांचा मूळ प्रश्न, सर्व वलयांसाठीं, अद्याप सुटलेला नाहीं. चार खण, प्रत्येकांत खात्रीची मळी, आणि त्या चोहोंच्या मिश्रणांत कोठें तरी साखरेचा एखादा दाणा असेल काय, हें नव्वद वर्षांहून अधिक काळ कोणीहि सांगूं शकलेला नाहीं.

श्रोतेहो, वेळ संपत आली. एखादी वस्तु तुकड्यातुकड्यानें तपासून तिच्या सबंध स्वरूपाविषयीं निर्णय देण्याची आपणां सर्वांनाच संवय आहे. हिशेबाच्या वह्या अशाच तपासतात, औषधेंहि अशींच तपासतात. ही रीति चुकीची नाहीं. परंतु ती केव्हां विश्वसनीय आहे, हें आधीं विचारावें लागतें. हा विचार किती काटेकोरपणें करतां येतो, हें मूलकांच्या शास्त्रानें दाखविलें आहे. आणि तो कोठें थांबतो, हेंहि त्यानें प्रांजळपणें सांगितलें आहे. पुढच्या सणाला पाकावरची मळी काढतांना घड्याळांतील त्या सहाची आणि क्योटे यांच्या चार खणांची कोणास आठवण झाली, तर आजच्या भाषणाचें सार्थक झालें असें मी समजेन.